मरणाला हरकत

‘कामगार यंत्रात सापडून मेला’ असे वाक्य आपण किती सहज बोलतो! वर्तमानपत्रे तसे छापतात, संघटनेचे पुढारी शोकसभेत तसे बोलतात आणि मेलेल्याच्या घरची माणसेही पुढे तसेच सांगू लागतात. या वाक्यात मालक नाही, मुकादम नाही, नादुरुस्त यंत्र नाही. ‘सापडला’ या एका क्रियापदाने सगळा दोष मेलेल्याच्या माथी जातो. तोच तेथे गेला, तोच सापडला, तोच मेला. भाषाही कोणाच्या बाजूने साक्ष देते हे पाहायचे असेल तर असली साधी वाक्ये तपासली पाहिजेत.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, मिशिगन राज्यातील डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात २६ मे १९७० रोजी असाच एक कामगार मेला. वय वर्षे बावीस. वर्णाने काळा. व्हिएतनामच्या युद्धातून जिवंत परत आलेला. क्रायस्लर कंपनीच्या एल्डन ॲव्हेन्यू गियर अँड ॲक्सल या कारखान्यात माल वाहणारी छोटी गाडी तो चालवीत असे. तिकडे तिला जिटनी म्हणतात. ती गाडी कलंडली आणि तिच्यावरचे सुमारे पाच हजार पौंड पोलाद त्याच्या अंगावर कोसळले. ज्या युद्धात मरण्यासाठीच सरकारने त्याला पाठविले होते तेथे तो वाचला, आणि जेथे पोट भरायला गेला तेथे मेला.

त्याची हकीकत मला मिळाली ती डॅन जॉर्गाकस आणि मार्व्हिन सर्किन यांच्या ‘डेट्रॉइट : आय डू माइंड डाइंग’ या पुस्तकात. १९७५ साली ते प्रथम निघाले, आणि पुढे दोनदा नव्या आवृत्तीत आले. पुस्तकाचे नाव जो एल. कार्टर या मोटार कारखान्यातील कामगाराच्या १९६५ च्या एका ब्लूज गाण्यावरून घेतले आहे. त्याचा आशय असा, की मरायला मात्र माझी हरकत आहे. ‘हरकत’ हा कचेरीतला, अर्जातला शब्द. आपल्या मरणाबद्दल रीतसर हरकत नोंदवावी लागणे, यातच त्या कामगाराची सगळी स्थिती आली. हे पुस्तक मी एक हरकत-अर्ज म्हणून वाचले आणि त्याच दृष्टीने त्याचा येथे विचार करीत आहे.

१

प्रथम लेखकांनी काय साधले ते सांगितले पाहिजे. अपघात या कल्पनेचेच त्यांनी शवविच्छेदन केले आहे. त्या तरुणाच्या मृत्यूनंतर मोटार कामगारांच्या संघटनेच्या सुरक्षा विभागाच्या प्रमुखानेच ती गाडी तपासली. तिचा आणीबाणीचा ब्रेक तुटलेला होता. खरे तर तो कधी जोडलेलाच नव्हता. गियरचा दांडा ढिला होता. देखभालीचे जे नियम कंपनीने कागदावर लिहून ठेवले होते, ते पाळलेच जात नव्हते. म्हणजे तो तरुण ज्या क्षणी मेला त्या क्षणाच्या आधी कितीतरी दिवस ते मरण त्या गाडीत बसून होते. फक्त चालक कोण असणार एवढेच ठरायचे होते.

बुद्धाने सांगितले की कारणावाचून काही उत्पन्न होत नाही. हे असल्यामुळे ते होते; हे नसेल तर ते होणार नाही. प्रतीत्यसमुत्पादाचा हा विचार आपण विहारात ऐकतो. कारखान्याच्या दारात तो चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो. एल्डनच्या कामगारांनी तो आत नेला, असे मला म्हणावेसे वाटते. बुद्धाचे नाव त्यांच्या ओठी नव्हते, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी काम बंद पाडले तेव्हा त्यांची मागणी शोकाची नव्हती, कारणांची होती. कंपनीने त्यांच्यापैकी काहींना कामावरून काढून टाकले. ब्रेक न जोडणाऱ्याची नोकरी शाबूत आणि ब्रेक का जोडला नाही असे विचारणाऱ्याची गेली!

आणि हे एकच मरण नव्हते. त्याच कारखान्यातील दोन काळ्या स्त्रियांची हकीकत पुस्तकात आहे. एक एकावन्न वर्षांची. तिचा रक्तदाब धोक्याचा होता, डॉक्टरने घरी राहायला सांगितले होते. कंपनीने तार पाठविली : कामावर या, नाहीतर नोकरी जाईल आणि सुमारे तीस वर्षांच्या नोकरीचे सगळे हक्क जातील. ती आली. आठवड्याने कामावरच बेशुद्ध पडली आणि घरी नेल्यावर थोड्याच वेळात मेली. दुसरी झाडलोट करणारी. जादा माल भरल्यामुळे पुढचे न दिसणाऱ्या एका जिटनीने तिला धडक दिली. तिच्या डॉक्टरने पायावर उभे राहू नका म्हटले, कंपनीच्या डॉक्टरने कामावर या म्हटले. नोकरीच्या भीतीने ती आली. पायाच्या शिरेत रक्त गोठले आणि तीही गेली. या दोघींना तर ‘यंत्रात सापडून’ मेल्या असेही म्हणता येत नाही. त्या आजाराने मेल्या असे म्हटले जाते. आजाराला पुन्हा मालक नसतो.

त्या वेळी सर्व कारखान्यांना लागू होईल असा कामाच्या जागेवरील सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा अमेरिकेत नव्हता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली ती २९ डिसेंबर १९७० रोजी, म्हणजे त्या तरुणाच्या मृत्यूनंतर सात महिन्यांनी. चंद्रावर माणूस १९६९ साली उतरला होता.

२

त्या मृत्यूला दोन महिनेही झाले नव्हते, तोच १५ जुलै १९७० रोजी त्याच कारखान्यात जेम्स जॉन्सन नावाचा काळा कामगार पँटच्या पायात बंदूक लपवून आत शिरला. कामाचा वेग वाढविण्यास नकार दिल्याबद्दल त्याला त्याच दिवशी निलंबित केले होते. दिवस मावळण्यापूर्वी तीन माणसे मेली होती : एक काळा फोरमन, एक गोरा फोरमन आणि यंत्रे लावून देणारा एक गोरा कारागीर.

येथे पुस्तकाची खरी परीक्षा होते, आणि आपलीही. जॉन्सन मिसिसिपीतला. आईबाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारे. जमावाने ठार केलेल्या स्वतःच्या चुलतभावाचे छिन्नविच्छिन्न प्रेत त्याने लहानपणी पाहिलेले. दक्षिणेतल्या त्या रानातून निघून लाखो काळी माणसे उत्तरेच्या कारखान्यांकडे आली, तशीच ही एक वाट. गाव सोडले म्हणजे गाव सुटते असे त्यांना वाटले होते. कोकणातून आणि घाटावरून महारवाड्यातली माणसे मुंबईला गिरण्यांकडे आली तेव्हा त्यांनाही असेच वाटले असेल.

जॉन्सनचा वकील केनेथ कॉक्रल याने न्यायालयात एक अपूर्व गोष्ट केली. त्याने ज्यूरीला कारखान्यात नेले. गुन्ह्याची जागा पाहा म्हटले. ज्यूरीने तो आवाज ऐकला, ते तेल पाहिले, ती उष्णता अंगावर घेतली. आरोपीच्या पिंजऱ्यात एक माणूस उभा होता. कॉक्रलने त्याच्या शेजारी आख्खा कारखाना उभा केला. मे १९७१ मध्ये निकाल लागला : वेडाच्या भरात केलेले कृत्य, म्हणून आरोपी दोषी नाही. त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. पुढे १९७३ साली कामगार नुकसानभरपाईच्या प्रकरणात क्रायस्लरने त्याला आठवड्याला पंचाहत्तर डॉलर द्यावेत असा निर्णय झाला. म्हणजे या माणसाच्या मनाची जी नासधूस झाली तिच्यात कारखान्याचा वाटा आहे, हे कायद्यालाच कबूल करावे लागले.

चळवळीच्या पत्रकांनी त्या वेळी जॉन्सनचा जयजयकार केला. चाप क्रायस्लरने ओढला, असे त्यांचे म्हणणे. आपल्यातील काही तरुण मित्रांनाही हे वाचून स्फुरण चढेल याची मला कल्पना आहे. त्यांना मला स्पष्ट सांगायचे आहे : कारण समजावून घेणे वेगळे आणि कृत्याला हार घालणे वेगळे. मेलेले तिघे कंपनीचे मालक नव्हते. त्यांतला एक तर जॉन्सनच्याच वर्णाचा होता. ज्या कारखान्याने ब्रेक जोडला नाही त्या कारखान्याचे मालक त्या इमारतीत नव्हतेच. ते गोळीच्या टप्प्याच्या बाहेर होते आणि नेहमीच असतात. लेखकांनी जॉन्सनला देव केले नाही आणि राक्षसही केले नाही, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. त्यांनी त्याला त्याच्या सगळ्या कारणांसह उभे केले आहे.

निकालाबद्दल मात्र एक शंका माझ्या मनात राहतेच. न्यायव्यवस्थेजवळ दोनच शब्द होते, गुन्हेगार आणि वेडा. अन्यायाने माणूस कसा मोडतो हे सांगणारा तिसरा शब्द तिच्याजवळ नव्हता. तो शब्द घडविणे हे साहित्याचे काम आहे.

३

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे वळतो. २ मे १९६८ रोजी डेट्रॉइटजवळच्या हॅमट्रॅमक येथील डॉज मेन कारखान्यात कामाच्या वाढत्या वेगाविरुद्ध कामगारांनी संघटनेला न विचारता संप केला. संपात गोरे होते, काळेही होते. शिक्षा मात्र प्रामुख्याने काळ्यांना झाली. जनरल बेकर या तरुण कामगाराला काढून टाकले. (जनरल हे त्याचे नाव, हुद्दा नव्हे.) त्यातून ‘ड्रम’ ही काळ्या कामगारांची क्रांतिकारी संघटना उभी राहिली, पाठोपाठ एल्डनमध्ये ‘एलरम’, आणि १९६९ मध्ये या सगळ्यांची मिळून ‘लीग ऑफ रिव्होल्यूशनरी ब्लॅक वर्कर्स’. १९६७ च्या जुलैमध्ये याच शहरात उठाव झाला होता, ४३ माणसे मेली होती, त्यांत ३३ काळी. रस्त्यावर बंदुकीच्या जोरावर हरलेल्या माणसांनी आपली खरी शक्ती कोठे आहे याचा शोध घेतला, आणि ती त्यांना उत्पादनाच्या जागी सापडली.

या संघटना मोटार कामगारांच्या मोठ्या संघटनेविरुद्ध का गेल्या? ती काही मालकधार्जिणी, प्रतिगामी संघटना म्हणून ओळखली जात नव्हती. तिचे अध्यक्ष वॉल्टर रॉयथर १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या व्यासपीठावरून बोलले होते. नागरी हक्कांच्या लढ्याला तिने पैसाही दिला होता. पण खुद्द कारखान्यात काय होते? भट्टीजवळ, रंगाच्या धुरात, सर्वांत जड आणि सर्वांत घातक जागी काळे. कुशल कारागिरांच्या जागी बहुतांशी गोरे. राजधानीत समतेचे भाषण आणि खात्यात वर्णाची उतरंड. १९६८ च्या सप्टेंबरमध्ये ‘ड्रम’चा उमेदवार संघटनेच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत सर्वांच्या पुढे होता, दुसऱ्या फेरीत निवृत्त गोऱ्या कामगारांच्या मतांनी तो पडला. ज्यांनी कारखाना सोडला होता त्यांच्या मतांवर कारखान्यात मरणाऱ्यांचा प्रतिनिधी ठरला.

हे वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावे लागले. माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत त्रासन खात्यात होते. लहानपणी मी त्यांना विचारले होते, साचेखात्यात पगार जास्त मिळतो तर तुम्ही तिकडे का नाही गेलात? ते हसले आणि म्हणाले, ‘धागा आड आला.’ पुढे कळले तो धागा कोणता. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. महाराच्या ओठाला लागलेला धोटा मराठा कामगार ओठाला लावणार नव्हता. म्हणून जास्त पगाराचे खाते अस्पृश्यांना बंद. लाल बावट्याखाली मुठी वळवून घोषणा देणारे हात एकत्र होते, ओठ वेगळे होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला तेव्हा कामगारांची एकजूट फोडल्याचा आरोप त्यांच्यावरच झाला. एकजूट कोणी फोडली होती? १९३६ साली त्यांनी लिहून ठेवले की जातिव्यवस्था ही श्रमाचीच नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंची नावे एका श्वासात घेतली. डेट्रॉइटच्या कामगारांनी हे वाचले नव्हते. त्यांनी ते खात्यात उभे राहून शोधून काढले.

म्हणून ‘कामगार’ हा शब्द कोणी एकट्याने उच्चारला की मी आता एवढेच विचारतो : कोणत्या खात्यातला? ज्या समीक्षेला आणि ज्या चळवळीला हा प्रश्न सुचत नाही तिचा कामगार हा भिंतीवरच्या चित्रातला कामगार आहे. त्याला दंड आहेत, हातोडा आहे, पण कातडी नाही.

४

आता उणिवांकडे. या पुस्तकावर माझा प्रेमाचा राग आहे, आणि तो असा.

त्या बावीस वर्षांच्या तरुणावर किती पौंड पोलाद पडले हे मला लेखक सांगतात. ब्रेकची स्थिती सांगतात. पण तो कोण होता? युद्धावरून आल्यावर त्याला झोप येत होती का? पगाराच्या दिवशी तो काय विकत आणीत असे? त्या गाडीचा ब्रेक लागत नाही हे त्याला ठाऊक असणारच. रोज सकाळी तिच्यावर चढताना त्याच्या पोटात काय होत असेल? यांतले काही पुस्तकात नाही. त्याचे मरण पुराव्यानिशी आहे, जगणे नाही. चळवळीचा इतिहास लिहिताना माणूस पुराव्याचा कागद होऊन जातो, हा या प्रकारच्या लेखनाचा दोषच आहे. कंपनीच्या वहीत तो एक क्रमांक होता. चळवळीच्या वहीत तो एक मुद्दा झाला. दोन्ही वह्यांत हेतूंचे जमीनअस्मानाचे अंतर आहे हे खरे, पण त्या तरुणाची आई दोन्ही वह्यांच्या बाहेरच राहिली.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच. लीगमधील स्त्रियांनी पत्रके छापली, वस्त्या संघटित केल्या, आणि नेतृत्वाच्या जागा पुरुषांनी ठेवून घेतल्या. लेखकांना हे दिसते, ते तसे नमूदही करतात. पण त्या प्रश्नाला मिळालेली जागा तोकडी आहे. तारेच्या धमकीने कामावर आलेली ती एकावन्न वर्षांची बाई माझ्या मते या पुस्तकातली सर्वांत मोठी व्यक्तिरेखा होऊ शकली असती. ती काही ओळींतच संपते.

या ठिकाणी दलित साहित्याने मान वर करून बोलावे असे मला वाटते. ‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘उपरा’ १९८० साली. पुराव्याच्या कागदामागचा माणूस कसा लिहायचा हे या आत्मकथनांनी दाखवून दिले. भूक, लाज, आईचा हात, शाळेतला कोपरा हे सगळे त्यांत सदेह आले. डेट्रॉइटच्या ग्रंथकारांजवळ जे नाही ते आपल्याजवळ आहे. पण त्यांच्याजवळ जे आहे ते आपल्याजवळ किती आहे? गाव आपण लिहिले, वस्ती लिहिली. खाते किती लिहिले? त्रासन खात्यातला कापसाचा बारीक धुरळा, बदली कामगाराचे सकाळी दारात ताटकळणे, मुकादमाची मर्जी, आणि धोट्याचा तो विटाळ, यांवर आपण जितके लिहायला हवे होते तितके लिहिले नाही. १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव घेतले ते १९६६ च्या ऑकलंडकडून. ऑकलंडचे नाव आले, डेट्रॉइटचे आले नाही. रस्त्यावरचा आवेश आला, खात्यातली तपासणी मागे राहिली. हा माझा आरोप इतर कोणावर नाही. मी स्वतःही वडिलांना तो एकच प्रश्न विचारला आणि दुसरा विचारायच्या आत ते गेले.

५

डॉज मेन १९८० साली बंद पडला आणि पुढे पाडला गेला. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकवस्तीचे डेट्रॉइट २०२० च्या शिरगणतीत सहा लाख चाळीस हजारांच्या आत आले. लीग तर १९७१ मध्येच फुटली होती. मुंबईच्या गिरण्यांचे १९८२ च्या संपानंतर काय झाले ते आपल्याला वेगळे सांगायला नको. मग आता हे सारे कशाला उकरायचे, असे कोणी विद्यार्थी विचारील. कारखानाच नाही, तर कारखान्यातल्या मरणाचे काय?

त्याला माझे उत्तर असे. कारखाने गेले, वाक्य गेलेले नाही. आजही वर्तमानपत्रात येते : ‘गटारात गुदमरून सफाई कामगारांचा मृत्यू.’ ‘सापडून’ची जागा ‘गुदमरून’ने घेतली, एवढेच. माणसाला गटारात उतरविण्यास मनाई करणारा कायदा २०१३ साली झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरविली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाई वाढली याचा अर्थ मरणे थांबलेली नाहीत. त्या भोकाशी कोणत्या जातीचा माणूस उभा केला जातो हे बातमीत छापलेले नसते, आणि छापायची गरजही कोणाला वाटत नाही, इतके ते सर्वांना ठाऊक असते. आणीबाणीचा ब्रेक येथेही कधी जोडलेलाच नसतो.

म्हणून शिक्षक मित्रांना आणि कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. असा मृत्यू आपल्या गावात, आपल्या वॉर्डात झाला तर निषेधाचे पत्रक जरूर काढा. पण त्याबरोबर दोन गोष्टी करा. कॉक्रलने ज्यूरीला नेले तसे लोकांना त्या जागेपाशी न्या; दोरी होती का, मुखवटा होता का, उतरायला कोणी सांगितले, हे तेथेच उभे राहून लिहून घ्या. आणि मग त्याच्या घरी जा. त्याच्या आईला, बायकोला विचारा की आदल्या दिवशी त्याने काय खाल्ले, कशावरून हसला, कोणत्या गोष्टीची त्याला हौस होती. ते सगळे लिहा. पहिल्या नोंदीने मरणाचे कारण ठरेल, दुसरीने कोण मेले हे ठरेल. एकीवाचून दुसरी अपुरी आहे, हे मला डेट्रॉइटच्या त्या पुस्तकाने शिकविले. काही त्याच्या बळाने, काही त्याच्या उणिवेने.

त्या तरुणाने जिटनीवर चढण्यापूर्वी हरकत घेतली असती तर त्याला काढून टाकले असते. मेल्यावर त्याच्या सोबत्यांनी घेतली, तर त्यांना काढून टाकले. ती हरकत अजून निकाली निघालेली नाही.